काळ्या चौकटीतलं केंद्र

दर महिन्याच्या पाच तारखेला माझं माहितीपत्र एकवीस हजार घरांत पोचतं, आणि सहा तारखेला मला कळतं की ते एकाही घरात कुणी वाचलेलं नाही.

हे मी चिडून लिहितेय असं कुणाला वाटलं तर बरोबर वाटलं. नऊ वर्षं मी आमदार आहे. त्याआधी बावीस वर्षं कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं. तेव्हाही कुणी ऐकत नव्हतं, पण निदान हजेरी घेता यायची. निवडून आल्यावर मी एक गोष्ट मनाशी पक्की केली होती. सभागृहात काय चाललंय, अर्थसंकल्पात आपल्या वाट्याला काय आलं आणि काय गेलं, हे लोकांना माझ्याकडून कळलं पाहिजे, उडत उडत नाही. म्हणून हे चार पानांचं पत्र. पहिल्या तीन पानांत सगळं कामाचं. चौथ्या पानावर अभिनंदन आणि श्रद्धांजली. चौथं पान माझं नाही, ते खिळेमास्तरांचं.

खिळेमास्तर म्हणजे माझ्या कार्यालयाचे सर्वेसर्वा. छापखान्यात चाळीस वर्षं शिशाचे खिळे जुळवले, कंप्युटर आल्यावर घरी बसले, आणि घरच्यांना नकोसे झाल्यावर माझ्याकडे आले. पहिल्याच अंकाच्या वेळी म्हणाले, "ताई, शेवटी चार ओळी माणसांच्याही पाहिजेत. कोण पास झालं, कोण गेलं." मी म्हटलं, टाका. तिथेच मी आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. मास्तरांनी नुसत्या चार ओळी टाकल्या नाहीत, एक पद्धतच पाडली. कुणी गेलं की काळ्या चौकटीत फोटो आणि खाली दोन ओळी. ते वाचून लोक कार्यालयाच्या पत्त्यावर सांत्वनाची पत्रं धाडतात. मास्तर ती गठ्ठ्याने बांधतात, सुतळीची गाठ मारतात आणि स्वतः जाऊन त्या घरी देऊन येतात. नऊ वर्षांत त्यांचा एक गठ्ठा चुकलेला नाही. माझ्या लेखांवर नऊ वर्षांत जी काही उत्तरं आली, त्यातली बरीचशी 'आमचा पत्ता बदलला आहे' एवढीच होती.

माझी वाचक म्हणाल तर एकच. अक्का.

अक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली. माझ्या वेण्या घालण्यापासून कॉलेजात नाव घालण्यापर्यंत सगळं अक्काने केलं. टेलिफोन एक्सचेंजमध्ये एकतीस वर्षं ती दुसऱ्यांची बोलणी जोडून देत बसली. लग्न का केलं नाहीस असं कुणी विचारलं तर म्हणायची, "लाईन बिझी होती." पाच वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही किडन्यांनी काम थांबवलं. तेव्हापासून सोमवार, बुधवार आणि शुक्रवार ती आमच्या गावातल्या डायलिसिस केंद्रात जाते. चार खुर्च्या, चार मशीन, सोळा पेशंट. घरापासून चालत सात मिनिटं. हातात दोन सुया, बाजूला गुरगुरणारं मशीन, आणि चार तास काढायचे. त्या चार तासांत ती माझं पत्र वाचते. पहिल्या ओळीपासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत, एक शब्द न गाळता. सगळं जग एकीकडे आणि अक्का एकीकडे, असं मी मनात धरून होते.

यंदाच्या अर्थसंकल्पात, आरोग्य खात्याच्या एकशे बाराव्या पानावर, एक ओळ होती. लहान केंद्रांतली यंत्रं मोठ्या शहरातल्या रुग्णालयात हलवायची. खाली यादी. यादीत सातवं नाव आमच्या केंद्राचं.

शहर आमच्यापासून दोन तासांवर. म्हणजे जायला दोन तास, सुयांवर चार, यायला दोन. आठवड्यातून तीनदा. आणि चार तासांनंतर अक्काला खुर्चीतून उठून भिंतीपर्यंत जायलाही नर्सचा खांदा लागतो. सभागृहात मी ओरडले, तेव्हा समोरच्या बाकावरचे दोघे डुलक्या घेत होते. विरोधाचा ठराव मांडला, पडला. एकच वाट उरली होती. एक तारखेपासून तीस तारखेपर्यंत लोकांच्या हरकती घेणं सरकारला भाग होतं. सही आणि पत्त्यासह पाचशे लेखी हरकती आल्या तर जाहीर सुनावणी घ्यावीच लागते आणि तोवर एकही मशीन हलवता येत नाही. चारशे नव्व्याण्णव आल्या तर नाही.

पाचशे. एकवीस हजार घरांतून पाचशे. मला वाटलं, यात काय अवघड आहे!

मी अडीच पानं लिहिली. 'राज्यातील विशेषोपचार सेवांच्या सुसूत्रीकरणाच्या धोरणांतर्गत यंत्रसामग्रीच्या पुनर्वितरणाचा जो प्रस्ताव विचाराधीन आहे, त्याच्या संभाव्य परिणामांचा साकल्याने विचार करता' अशी सुरुवात होती. मागच्या पाच वर्षांच्या तरतुदींचा तक्ता होता. हरकत कशी लिहायची त्याचा नमुना तिसऱ्या पानावर तळाशी होता. मला स्वतःचाच अभिमान वाटला. अक्काशी मी या विषयावर बोलले नाही. आजारी माणसापुढे कशाला, आणि ती वाचणारच आहे ना. तिनेही विषय काढला नाही. मला वाटलं, माझ्यावर भरवसा आहे म्हणून गप्प आहे.

पाच तारखेला पत्र गेलं. सहा तारखेपासून फोन सुरू झाले.

"ताई, आमच्या सासऱ्यांच्या फोटोत चष्मा नाहीये. चष्म्याशिवाय त्यांना कुणी ओळखत नाही."

"ताई, आमची मुलगी पहिली आली, तुम्ही दुसरी छापलंत. आता शेजारणीला तोंड कसं दाखवायचं?"

"ताई, चौथं पान यावेळी अर्धंच का? कुणी गेलं नाही का या महिन्यात?"

मी प्रत्येकाला विचारायचे, "डायलिसिस केंद्राबद्दल वाचलंत का?" पलीकडून, "हो हो, छान लिहिलंय." छान! केंद्र बंद होतंय आणि हे म्हणतात छान लिहिलंय. चौदा तारखेपर्यंत चार हरकती आल्या. त्यातली एक शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल होती. मास्तर म्हणाले, "नमुना मात्र त्यांनी अगदी बरोबर भरलाय." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पंधरा तारखेला मी शिंपिणीकडे गेले. कोटाची बाही उसवली होती. कार्यालयाच्या खालीच तिचं दुकान, दोन मशीनं, एक आरसा, कापडाचे तुकडे पायाखाली. ती माझ्याशी बोलत बोलत कुणाच्या तरी बाहीचा साचा कापत होती आणि कागद ओळखीचा वाटला म्हणून मी वाकून बघितलं. माझा पाच वर्षांचा तक्ता. काखेच्या गोलाईत तिसरं वर्ष कापलं गेलं होतं.

"हा कागद फार चांगला असतो तुमचा," ती म्हणाली, "फाटत नाही."

"वाचतेस का गं कधी?"

"म्हणजे काय ताई! हे बघा की." तिने आरशाकडे बोट दाखवलं. आरशाच्या कडेने ओळीने चौथी पानं चिकटवलेली. काळ्या चौकटी, फोटो, पास झालेल्या मुलींची नावं. "कोण कधी गेलं ते सगळं पाठ आहे मला. विचारा तुम्ही."

मी नाही विचारलं. बाही न शिवताच वर आले आणि मास्तरांना म्हटलं, "खास अंक काढायचा. एकच पान. चौथं."

मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"काळी चौकट काढा. आत केंद्राच्या इमारतीचा फोटो. वर लिहा, दुःखद. खाली, आपलं डायलिसिस केंद्र, वय एकोणीस वर्षं, या महिन्याअखेर आपल्यातून जात आहे."

"ताई, हे बरं दिसत नाही."

"बरं दिसायला नकोय मला मास्तर. वाचायला हवंय."

"जे गेलं नाही त्याला चौकटीत घालायचं नसतं. छापखान्यात आम्ही माणूस गेल्याची खात्री झाल्याशिवाय चौकटीला हात लावत नसू."

"तुम्हाला दुसरं काही सुचतंय?"

ते मुकाट्याने कामाला लागले. हरकतीचा नमुना चौकटीत बसेना, खाली टाकला तर मास्तरांना ते विद्रूप वाटलं. शेवटी नमुना पाठीमागच्या बाजूला गेला. 'मागे पाहा' असं मी छापायला सांगितलं होतं. मास्तरांनी ते अगदी बारीक, नाजूक अक्षरात टाकलं, श्रद्धांजलीच्या गांभीर्याला धक्का लागू नये म्हणून. मी घाईत होते, पाहिलं आणि पुढे गेले. सतरा तारखेला अंक घरोघर पोचला.

अठरा तारखेला सकाळी कार्यालयाच्या जिन्यावर रांग होती.

नऊ वर्षांत पहिल्यांदा! माझा आनंद पोटात मावेना. औषधाच्या दुकानाचा मालक पुढे होता, मागे शाळेच्या मुख्याध्यापिका, रिक्षावाले, दोन्ही सलूनवाले. आत आले, बाकावर बसले. मग मुख्याध्यापिका म्हणाल्या, "फार वाईट झालं, ताई."

"हो ना! म्हणूनच आपण सगळ्यांनी..."

"चांगलं होतं हो केंद्र," औषधवाला म्हणाला. "कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही."

"शेवटी शेवटी त्रास झाला का फार?" एका सलूनवाल्याने विचारलं.

मी म्हटलं, "अहो, अजून गेलेलं नाही! महिनाअखेर आहे. पाठीमागे अर्ज आहे, तो भरा." सगळ्यांनी सहानुभूतीने माना हलवल्या. घरातलं माणूस गेलं की जवळचे असंच बोलतात, हे त्यांना माहीत होतं. औषधवाल्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ताई, स्वतःला सावरा," म्हणाला. वीस तारखेला व्यापाऱ्यांनी दुपारपर्यंत दुकानं बंद ठेवली. केंद्राला श्रद्धांजली म्हणून. बंद दुकानांसमोरून चालत मी कार्यालयात गेले आणि मला हसावं की रडावं कळेना.

पण पत्रं येत होती. रोज पिशवी भरून. मी उघडली नाहीत, मोजतच सुटले. तेवीस तारखेपर्यंत सातशे सहा. मास्तर दोनदा काही सांगायला आले, मी म्हटलं, "नंतर, मास्तर, नंतर." चोवीस तारखेला सकाळी खोका गाडीत टाकून राजधानीत आरोग्य खात्याच्या उपसचिवांसमोर नेऊन ठेवला. आदळला म्हणा हवं तर.

"सातशे," मी म्हटलं. "सुनावणीची तारीख द्या."

उपसचिव सावकाश माणूस. एक पाकीट उघडलं, वाचलं, बाजूला ठेवलं. दुसरं उघडलं. तिसरं त्यांनी मोठ्याने वाचलं. "'केंद्राच्या जाण्याने झालेली हानी भरून न येणारी आहे. आम्ही सर्व कुटुंबीय आपल्या दुःखात सहभागी आहोत.'" मग आणखी एक. "'त्याच्या आत्म्यास शांती लाभो.'" ते माझ्याकडे बघायला लागले. "मॅडम, यात हरकत कुठे आहे?"

मी हातात येईल ते पाकीट फाडत गेले. शोक. सहवेदना. धीर धरा. आठवणी. कुणीतरी चार ओळींची कविता केली होती. एकही माणूस म्हणत नव्हता की बंद करू नका.

"उलट," उपसचिव अगदी सौम्यपणे म्हणाले, "लोकांनी हे फार समजूतदारपणे स्वीकारलेलं दिसतंय. फाईलवर तसं नोंदवता येईल." त्या माणसाला मी काय काय बोलले ते इथे लिहिणार नाही. खरे अर्ज, म्हणजे पाठीमागचा नमुना फाडून भरलेले, एकतीस होते. मास्तर मला तेच सांगायला येत होते.

परतीच्या वाटेवरून मी मास्तरांना फोन केला. "सगळी पत्रं या खोक्यातच आहेत ना? परत त्याच लोकांकडे जायचंय, पत्ते लागतील."

"पहिला गठ्ठा नाहीये त्यात ताई," मास्तर म्हणाले. "तो पोचवला ना मी."

"पोचवला? कुठे?"

"जिथे पोचवायचा तिथे. केंद्रात. गेल्या शुक्रवारी, नेहमीप्रमाणे. नर्सबाईंनी वाचून दाखवली सगळ्यांना. सव्वाशे पत्रं होती." आणि मग, "काही चुकलं का?"

शुक्रवारी. अक्काचा वार.

मी सरळ केंद्रात गेले. बुधवार होता, दुपारचे तीन. फिनाईलचा वास, चार मशीनांची एकसुरी गुरगुर. खिडकीजवळच्या खुर्चीत अक्का होती. तिच्या मांडीवर नेहमी एक निळी शाल असते, ती समोरच्या खुर्चीतल्या निवृत्त पोस्टमनच्या अंगावर होती. पायाशी पिशवी होती, तिच्यात तिची इथली चप्पल, पाण्याचं भांडं, पेन्सिल, सगळं आवरून भरलेलं.

"हे काय अक्का?"

"आवरलं. परवा पुन्हा यायचंय, सोमवारी यायचंय, मग संपलं. शेवटच्या दिवशी गडबड नको." ती अगदी शांत होती. एक्सचेंजमध्ये लोकांना 'तुमची तीन मिनिटं झाली' म्हणून सांगायची तशीच. "शाल त्यांना दिली. त्यांना फार थंडी वाजते."

"आणि मंगळवारनंतर?"

"मंगळवारनंतर काय? शहरात मी जाणार नाहीये, हे आधीच सांगते. दर खेपेला आठ तास अंग घुसळून घ्यायचं आणि तुमच्या गळ्यात पडायचं. पाच वर्षं मिळाली, पुष्कळ झाली. डॉक्टरांना विचारलंय मी. दहाबारा दिवस लागतात म्हणाले."

मी तिथल्या स्टुलावर बसले आणि जे तोंडाला आलं ते बोलत सुटले. नर्स धावत आली तरी मी थांबले नाही. "अगं, केंद्र अजून बंद झालेलं नाही! सहा दिवस आहेत! हरकती द्यायच्या आहेत! तू सगळ्यांच्या आधी द्यायला हवी होतीस, आणि तू पिशवी भरून बसलीस?"

"तू छापलंस ना," अक्का म्हणाली. "काळ्या चौकटीत. तू खोटं छापत नाहीस."

"आणि पाच तारखेचं पत्र? अडीच पानं लिहिली होती मी! वाचलं नाहीस?"

"दोनदा वाचलं."

"मग?"

"कळलं नाही."

मी स्टूल पुढे ओढलं.

"त्यात केंद्र होतं हे पण मला कळलं नाही," ती म्हणाली. "तक्ता बघितला. बरंच काहीतरी वाढलेलं दिसलं, बरं वाटलं."

"कधीपासून कळत नाही तुला?"

तिने मशीनवरचा आकडा बघितला. "पहिल्यापासूनच गं. तू किती मन लावून लिहितेस ते दिसायचं. म्हणून वाचायचे."

नऊ वर्षं. एकशे सात अंक. मला तिचा राग आला, मग स्वतःचा आला, मग कुणाचाच येईना. समोरचे पोस्टमन निळ्या शालीतून हळूच म्हणाले, "मलाही पहिल्या वाक्यापर्यंत जमायचं, पुढे काही सुधरायचं नाही." यावर चिडायचंही त्राण माझ्यात नव्हतं.

"कागद आहे का तुझ्याकडे?" अक्काने विचारलं. "लिही. माझी हरकत लिही."

मी पर्समधून वही काढली. लिहिलं, 'प्रस्तुत प्रस्तावाच्या अनुषंगाने...' तिने मान वाकडी करून वाचलं. "अनुषंगाने नको. माझी बहीण म्हणून लिही."

"तुझी हरकत आहे, माझी नाही."

"मग माझं लिही. मी आठवड्यातून तीनदा इथे येते. चालत येते. हे बंद झालं तर मी मरेन. बंद करू नका. एवढंच."

'मरेन' पर्यंत आले आणि माझं पेन थांबलं. अक्काने ते बघितलं. "लिही," म्हणाली, "चौकटीत घालताना नाही थांबलं ते." मी लिहिलं. सुया नसलेल्या हाताने तिने सही केली, वेडीवाकडी, खाली पत्ता. पोस्टमन म्हणाले, माझंही घ्या. मग तिसऱ्या खुर्चीतली बाई, मग चौथा. प्रत्येकाने आपापलं सांगितलं आणि मी लिहिलं. एकाचंही चार ओळींच्या वर गेलं नाही.

पुढचे सहा दिवस मी, मास्तर, नर्स आणि शिंपीण, जिन्यामागून जिने चढलो. ज्यांनी सांत्वन केलं होतं त्यांच्याकडेच हरकत मागायला. निम्मे लोक म्हणाले, "ताई, आम्ही लिहून दिलंय ना?" निम्मे म्हणाले, गेलेल्याला कसं परत आणणार. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मग तुम्ही तसं छापलंत का?" औषधवाल्याने मात्र ऐकून घेतलं, दुकान बंद केलं आणि स्वतः दोन गल्ल्या फिरला. त्याने त्रेपन्न आणल्या. मास्तर प्रत्येक दारात आधी माफी मागायचे आणि मग कागद काढायचे. मी त्यांना म्हटलं, चूक माझी आहे. ते म्हणाले, गाठ मी मारली होती.

तीस तारखेला संध्याकाळी पाच वाजता उपसचिवांनी मोजून सांगितलं. चारशे अठ्ठ्याहत्तर. कुत्र्याची धरली नाही. त्यांच्या तोंडावर खरोखर वाईट वाटल्यासारखं दिसत होतं, पण नियम म्हणजे नियम.

अक्काच्या घरी पोचेपर्यंत मी वाटेत तीन भाषणं तयार केली होती. शहरात जाऊन पेशंट मरतात का, गाडीत मागे झोपायची सोय करू, मी आमदारकी सोडते. ती जेवून खाटेवर बसली होती, तोंडात बर्फाचा खडा. पाणी मोजून प्यावं लागतं तिला, म्हणून बर्फ.

"किती?" तिने विचारलं.

"चारशे अठ्ठ्याहत्तर."

"म्हणजे?"

"बावीस कमी पडल्या. उद्या मशीनं हलवतील."

ती म्हणाली, "चारशे अठ्ठ्याहत्तर माणसांनी लिहिलं? बंद करू नका म्हणून?"

"हो. सही, पत्त्यासकट."

"इतक्या लोकांनी सही केली आणि मी घरी बसून मरायचं, हे काही बरं दिसत नाही." तिने खडा गालात सरकवला. "उद्या बुधवार. किती वाजता निघायचं?"

"पहाटे पाचला," मी कसंबसं म्हटलं.

"पाच म्हणजे पाच. तुला नेहमी उशीर होतो."

मी दारातच उभी राहून हुंदके देऊन रडायला लागले, सत्तावन्न वर्षांची बाई. अक्काने उशी सारखी केली, अंगावर पांघरूण ओढलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

"दार लाव गं," ती म्हणाली, "डास येतात."